घरगाडीतले डावखुरे टाके

दादाचा फोन आला तेव्हा ती एका जुन्या सोफ्याची खोळ उसवत बसली होती. गल्लीत तिला सगळे खोळवाली म्हणत. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, ज्याला म्हणून कापडाचा अंगरखा लागतो ते सगळं ती शिवायची. तीस वर्षं हेच करून तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टोपणासारखा घट्टा पडला होता, त्यामुळे सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान घालायची गरजच उरली नव्हती.

"धाकटे, गोडाऊन विकलं," दादा म्हणाला. "सोमवारपर्यंत रिकामं करून द्यायचंय. तुझ्या त्या गाडीचं मी भंगारवाल्याशी बोललोय. तो येऊन ओढून नेईल. तुला उगाच हेलपाटा नको."

"मी येते आधी बघायला."

"बघायचं काय त्यात? बारा वर्षं पडून आहे. उंदरांनी दोन पिढ्यांचा संसार केला असेल आत. आणि इंजिन तर तेव्हाच जॅम झालेलं, तुला माहितीये."

"इंजिनाचं नाही बघत. आत माझ्या हातचं काम आहे, दादा. खोळी तरी काढून आणते."

दादा म्हणाला, "बघ बाई. धूळ फार आहे हां."

गाडी म्हणजे घरगाडी. हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलेलं. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. बावीस वर्षं एकच मार्ग. त्या मार्गावर एक मोठं तळं लागायचं आणि तळ्याकाठच्या गावात बस दहा मिनिटं थांबायची. दहा मिनिटांत चहा, लघवी आणि टायरांवर एक नजर, की पुन्हा स्टिअरिंग. "तिथली सकाळ एकदा बघायचीये," तो म्हणायचा. "आपली बस पोचते दुपारी दोनला. दोन वाजता तळं म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा दिसतो." म्हणून त्याने एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि सुट्टीच्या दिवशी खटपट करत दोन वर्षांत तिचा कॅम्पर केला. फळ्या त्याने ठोकल्या, गाद्या-पडदे तिने शिवले. दोन माणसांचा पलंग, घडीचं टेबल, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, तीन ड्रॉवर. जवळपासच्या दोन-तीन सहली झाल्या. तळं लांब म्हणून ते निवृत्तीनंतर असं ठरलं होतं, आणि निवृत्तीच्या आधीच त्याची फुप्फुसं गेली.

गाडी ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. दादाचं फरशांचं दुकान आणि मागे भलंमोठं गोडाऊन. "माझ्याकडे लाव की," दादाच म्हणाला होता. "पंधरा दिवसांतून एकदा चालू करून ठेवीन." तिने किल्ली त्याच्या हातात दिली तेव्हा तिला किती हलकं वाटलं होतं ते तिला अजून आठवत होतं. पाठीशी भाऊ असणं म्हणजे काय, ते तिने त्या दिवशी शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी बादल्या, ब्रश, व्हिनेगरच्या दोन बाटल्या, जुन्या चादरींची फडकी आणि तोंडाला बांधायला रुमाल घेऊन ती गोडाऊनला पोचली. दादा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याने लांबूनच हात केला. घरगाडी अगदी मागच्या भिंतीला, फरशांच्या खोक्यांआड उभी होती. टायर बसलेले, काचांवर सिमेंटची पांढरी पूड. मागचं दार तिने जोर लावून ओढलं आणि आतला कोंडलेला वास अंगावर आला. ओला पुठ्ठा, उंदीर आणि जुनं तेल, सगळं एकत्र.

कुठलंही काम हाती घेतलं की आधी ते उसवायचं आणि मग विचार करायचा, ही तिची पद्धत. तिने आधी दोन्ही खिडक्या उघडल्या. एकीचं रबर हातातच तुटून आलं. मग सुटं होतं ते सगळं बाहेर काढलं: गाद्या, उशा, पडदे, एक गंजलेला कंदील. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नसतात, घशात जातात. तिने व्हिनेगरचं पाणी शिंपडून त्या ओल्या केल्या आणि फडक्याने टिपल्या. एका कोपऱ्यात गादीतला फोम कुरतडून उंदरांनी छान वाटोळं घर केलं होतं. रिकामं होतं. "तुम्हीपण सोडून गेलात होय," ती म्हणाली.

छताच्या फळ्यांवर बुरशीचे काळे ठिपके होते. स्टुलावर चढून ती ते घासत राहिली. खांदे भरून आले, पण खालून नवऱ्याने लावलेली पिवळसर फळी वर येताना दिसली तसा तिला हुरूप आला. एकेका फळीला त्याने तीन-तीन हात पॉलिश दिलं होतं. शेगडीखाली मुंग्यांनी वारूळ करायचं राहिलं होतं एवढंच. टाकीचा नळ उघडला तर हिरवट शेवाळाची तार लोंबत बाहेर आली. ती सोड्याच्या पाण्याने टाकी भरून, हलवून, पुन्हा पुन्हा रिकामी करत राहिली.

दुपारी ती गाद्यांकडे वळली. खोळी धुवायला न्याव्यात म्हणून चेन उघडायला गेली आणि तिचा हात थांबला. खिडकीकडच्या गादीची खोळ एका कोपऱ्यात वीतभर फाटली होती आणि कुणीतरी ती हाताने शिवली होती. टाके नीटनेटके होते. पण ते उलट्या बाजूला कलत होते.

असे टाके तिच्या ओळखीत एकच बाई घालायची. वहिनी डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. खोळवालीनेच तिला शिकवलं. शेजारी बसून जमेना, कारण हिचा उजवा तिचा डावा. मग समोरासमोर बसवलं, आरशासारखं. महिनाभर रोज दुपारी. त्या महिन्यात दोघींची जी गट्टी जमली ती जमलीच.

पडदे बघितले. एका पडद्याची खालची पट्टी पूर्ण नव्याने घातलेली. तेच डावखुरे टाके.

खोळवालीला भरून आलं. उंदरांनी कुरतडलेलं बघून वहिनीने केव्हातरी येऊन शिवून ठेवलं असणार, आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही. तिने मनाशी ठरवलं की उद्या वहिनीसाठी काहीतरी न्यायचं. घरी जाताना तिने वहिनीच्या आवडीच्या फिकट निळ्या सुती कापडाचा तुकडा काढून ठेवला, तिला घरात घालायचा सैल गाऊन शिवायला.

शनिवारी तिने डेपोतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावून घेतलं. तेही आता निवृत्त. नवऱ्याच्या बसचं पोट त्यांनी वर्षानुवर्षं उघडून बंद केलेलं. इंजिन बघायला म्हणून नाही. टायरांत हवा भरून गाडी निदान ढकलत बाहेर काढता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. पण मिस्त्री बॉनेट उघडल्याशिवाय थोडेच राहणार.

बराच वेळ ते वाकून होते. मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली, फडक्याला पुसली, पुन्हा घालून काढली, उजेडात धरली.

"बाई, हे इंजिन जॅम झालं होतं असं कोण म्हणालं?"

"दादा म्हणाला. ते आजारी होते त्या वर्षी. एप्रिलमध्ये."

"मग कुणी उघडलं? दुरुस्त कुणी केलं?"

"कुणी नाही. सुटा भाग मिळेना म्हणून तसंच राहिलं."

मिस्त्रींनी पाना लावून खालचं चाक फिरवलं. ते जरा कुरकुरलं आणि मग सरळ गोल फिरलं. एकदा, दोनदा.

"जॅम झालेलं इंजिन आपोआप सुटत नाही," ते म्हणाले. "आणि हे कधी उघडलेलंच नाही. हेडच्या नटांवरचा कंपनीचा रंगसुद्धा मोडलेला नाही. बॅटरी मेलीये, डिझेल सडलंय, पाइप बदलावे लागतील. बाकी इंजिन ठणठणीत आहे." मग जरा घुटमळून, "जायच्या आधी तो मला म्हणाला होता, मिस्त्री, मी शेवटचं ऑइल बदललं नाही म्हणून गेलं. ड्रायव्हर म्हणवतो आणि स्वतःची गाडी मारली. लई लागलं होतं त्याला. पण बाई, ऑइल त्याने बदललेलं होतं. फिल्टरवर त्याच्याच हाताने खडूने तारीख घातलीये बघा."

ती बघायला वाकली नाही. "मिस्त्री, मी जरा आतलं उरकते," एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली.

त्या एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले होते, जायचं असेल तर आत्ता जाऊन या. चार दिवस. पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही. त्याला फार वेळ बसवत नव्हतं. आडवं पडायचं, उशाला ऑक्सिजनची टाकी. बसने नाही, टॅक्सीने नाही. न्यायचं तर घरगाडीतच न्यावं लागणार होतं. चालवायला डेपोतला एक जण तयारही झाला होता. तिने दादाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी दादा स्वतः घरी आला. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, वाईट बातमी आहे. नवऱ्याला गोडाऊनमध्ये जाऊन बघता येण्यासारखं नव्हतं. तिथल्या धुळीत त्याला श्वास घेता आला नसता.

आता हात रिकामे ठेवणं तिला शक्य नव्हतं. तिने ड्रॉवर ओढले. पहिल्यात गंजलेले चमचे. दुसऱ्यात एक मेलेली गांधीलमाशी. ड्रॉवरांच्या तळाला तिने रेक्झिनच्या उरलेल्या पट्ट्या घातल्या होत्या. तिसऱ्यात रेक्झिनवर कुणीतरी वर्तमानपत्र अंथरलेलं दिसलं. ओल लागून ते चिकटलं होतं. तिने उलथन्याने कड सोडवली आणि हळूहळू अख्खं पान उचललं.

तळ्याकाठच्या गावाचं साप्ताहिक होतं ते. गावाचं नाव वरती ठळक अक्षरात. तारीख त्याच वर्षीची, एकवीस मे. खालच्या कोपऱ्यातलं शब्दकोडं पेनाने निम्मं सोडवलेलं. दादा कोडी नेहमी पेनानेच सोडवायचा, चुकलं तर गिरवायचा. त्याचं अक्षर तिला फरशांच्या खोक्यांवरसुद्धा कालपासून दिसत होतं.

ती पलंगाच्या नुसत्या फळीवर बसली. मे महिन्यात दादा, वहिनी आणि दोन्ही मुलं आठ दिवस गावाला गेली होती. वहिनीच्या माहेरी, असं वहिनीच म्हणाली होती. परत आल्यावर पोरं काळवंडलेली. धाकटा तिला सांगायला लागला होता, "आत्या, आम्ही पाण्यात," आणि वहिनीने त्याला पाणी आणायला आत पिटाळलं होतं. म्हणजे पोरांनाही पढवून ठेवलं होतं. सात आणि दहा वर्षांच्या पोरांनी ते गुपित बारा वर्षं पोटात ठेवलं. दरवर्षी तिच्याकडे येऊन जेवून जात होती ती.

"वन्सं, चहा," बाहेरून वहिनीचा आवाज आला. दोन कप घेऊन ती दाराशी उभी होती. "केवढं लख्ख केलंत हो. ओळखूच येत नाही."

खोळवालीने कागद घडी न करता तसाच मांडीवर ठेवला होता. वहिनीची नजर त्यावर गेली. तिने कप पायरीवर ठेवले.

"हा कागद निघाला नसता तर त्या टाक्यांसाठी मी अजूनही तुझे आभारच मानत बसले असते," खोळवाली म्हणाली. "किती वेळा नेली गाडी?"

वहिनीने एक कप उगाच सरकवला.

"किती वेळा, वहिनी?"

"तीन उन्हाळे. मग यांनी मोठी गाडी घेतली. तेव्हापासून नाही."

"पहिला हाच ना?"

"हाच." वहिनी पायरीवरच बसली. "तुम्हाला सांगायचं होतं मला. दर वर्षी म्हणायचे यांना. हे म्हणायचे, आता सांगून काय होणार, तिला त्रासच. मग मलाही तसंच वाटायला लागलं."

"सोपं होतं ना तसं वाटणं."

वहिनीने पदर तोंडाला लावला. खोळवालीला रडणाऱ्या माणसाची कीव लगेच यायची, पण आज आली नाही. तिला भलतंच काहीतरी विचारावंसं वाटलं, आणि तिने विचारलं.

"सकाळी तळं कसं दिसतं गं?"

"धुकं होतं, वन्सं," वहिनी म्हणाली. "नऊ वाजेपर्यंत काही दिसलंच नाही."

तेवढ्यात दादा खोक्यांमधून वाट काढत आला. मिस्त्रींनी त्याला काही सांगितलं असावं किंवा बॉनेट उघडं बघून तो समजला असावा. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात फरशीचा नमुना. कागद बघून त्याने चष्मा खाली घेतला आणि वाचायचं काही नसताना वाचल्यासारखं केलं.

"धाकटे, ऐकून घे आधी," तो म्हणाला. "पोरांना मी वर्षभर शब्द देत होतो. दुकानातून कधी नव्हे ती सुट्टी काढली होती. आणि नेमकं तू तेव्हाच."

"आम्हाला चार दिवस हवे होते, दादा. ते संपल्यावर नेली असतीस. एप्रिलमध्ये आम्ही, मेमध्ये तुम्ही. गाडी काय झिजत होती?"

दादा हळू आवाजात म्हणाला, "भावोजींची ती अवस्था. रस्त्यात काही झालं असतं म्हणजे? त्या पलंगावर काही झालं असतं, तर मग मी पोरांना तिथे झोपवलं कसं असतं?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. वहिनी उठून दोन पावलं बाजूला झाली.

खोळवालीने त्याच्याकडे बघितलं. हाच दादा लहानपणी तिचं दप्तर धरायचा. वडील गेले तेव्हा यानेच तिला सांभाळलं. सगळं खरंच होतं ते, त्यातलं काही खोटं नव्हतं. म्हणून तर ती त्याच्या शब्दावर डोळे मिटून बसली होती.

"गाडी दिली नसतीस तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तोंडावर सांगितलं असतंस की नाही देत, तर मी चार दिवस रुसले असते. पण ते सहा महिने म्हणत होते, माझ्या हलगर्जीने इंजिन गेलं. बावीस वर्षांत ज्या माणसाने रस्त्यात एक बस बंद पडू दिली नाही तो. मरताना हे घेऊन गेले ते."

"ते इतकं मनाला लावून घेतील, मला काय माहीत."

"तुला माहीत होतं. तू समोर बसला होतास. त्यांचा हात हातात घेऊन तू म्हणालास, होतं असं कधीकधी, भावोजी, मनाला लावून घेऊ नका. मी चहा ठेवत होते. मला ऐकू आलं होतं आणि मला किती बरं वाटलं होतं, तुला सांगू?"

दादाने फरशीचा नमुना या हातातून त्या हातात घेतला. "चूक झाली," तो म्हणाला. "एकदा बोलून बसलो. मग मागे फिरायला जागाच राहिली नाही."

"बारा वर्षं होती की."

तिने चहा घेतला नाही. दोन्ही कप पायरीवर साय धरून बसले. ती पुन्हा आत गेली आणि राहिलेलं काम करायला लागली, कारण अर्धवट टाकून जायचा तिचा स्वभाव नव्हता. कोपरे घासले, सिंक घासलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. मधूनच तिला इतका राग यायचा की ब्रशचे केस वाकडे व्हायचे. रडू एकदाच आलं, शेगडीमागची फळी पुसताना. तिथे त्याने पेन्सिलीने माप लिहून त्याखाली लिहिलं होतं, "पाव इंच कमी पडलं, मालकिणीला सांगू नये." एवढं एक त्याने तिच्यापासून लपवलं होतं.

रविवारी मिस्त्रींनी नवी बॅटरी, पाइप आणि ताजं डिझेल घालून किल्ली फिरवली. चौथ्या खेपेला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि चालू झालं. मिस्त्री कान देऊन ऐकत उभे राहिले. "डेपोत सगळ्यांना सांगणार मी," ते म्हणाले, "जितके उरलेत तितक्यांना." दादा दुकानाच्या दारात उभा होता. गाडी मागे घेताना त्याने सवयीने हात वर करून "येऊ द्या, येऊ द्या" केलं. मिस्त्रींनी त्याच्याकडे न बघता आरशात बघून गाडी काढली आणि आपल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली. निळ्या कापडाचा तुकडा तिच्या पिशवीतच राहिला. पुढे तिने तो कुणा गिऱ्हाइकाच्या उशीला वापरून टाकला.

दादाशी तिने बोलणं तोडलं नाही. फोन आला तर घ्यायची, बरं-वाईट विचारायची. पण त्याने काही सांगितलं की, पूर्वी "बरं दादा" म्हणून मोकळी व्हायची ती आता दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायची. वहिनी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा ती मशीनवरून उठली नाही. भाचे फोन करायचे तेव्हा मात्र ती नेहमीसारखंच बोलायची. त्यांना तेव्हा काय कळत होतं.

थंडीत मिस्त्री आणि त्यांची बायको म्हणाली, गाडी नुसती उभी ठेवून काय उपयोग, कुठेतरी जाऊ या. तिघं निघाली. दुसऱ्या दिवशी तळ्याकडे जाणारा फाटा आला तेव्हा मिस्त्रींनी वेग कमी करून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सरळ घ्या." त्यांनी सरळ घेतली. एका टेकडीच्या पायथ्याशी मुक्काम केला. सकाळी तिने दोन बर्नरच्या शेगडीवर चहा टाकला, आणि मिस्त्रींची बायको बाहेर खुर्ची मांडून बसली.

"माहेरी कोण कोण आहे हो तुम्हाला?" त्यांनी सहज विचारलं. "भाऊ आहे ना एक?"

"आहे," ती म्हणाली आणि चहा गाळायला आत वळली.